मेल सर्व्हर: ठरावीक जणांचा मेल ऑफिसबाहेर जाऊ नये, काय करावं?

हळद_अडत, सांगली
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशेब, करणारी चार मुलं आहेत. मागच्या महिन्यात पत्ता टाकताना यादीतलं वरचंच नाव उचललं गेलं आणि एका शेतकऱ्याची पट्टी, बँकेच्या खाते नंबरासकट, भलत्याच व्यापाऱ्याला गेली. त्या शेतकऱ्यासमोर उभं राहताना मान वर होईना. पोराला बोलून काय होणार? सर्व्हरवरच अडवायचंय. मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम पोस्टफिक्स ३.७ आहे. त्याच्या मेन.सीएफ या सेटिंग फाइलमध्ये चेक सेंडर ॲक्सेस हा नियम लावला, पोस्टमॅपनं त्याचा तक्ता तयार केला, रीलोड केलं, तरी जीमेलला मेल जातोच.

कृष्णाकाठ
परमिट सासल ऑथेंटिकेटेड, म्हणजे लॉगिन केलेल्याला सोडणारा नियम, त्याच्या वर आहे का? नियम वरून खाली तपासले जातात. लॉगिन झालेल्याला तिथंच सोडलं की खालचा नियम वाचलाच जात नाही.

हळद_अडत, सांगली
नाही, तो खालीच आहे.

मिरजकर
मुलं ५८७ पोर्टवरून, म्हणजे लॉगिन करून मेल पाठवायच्या वाटेनं, पाठवतात ना? मग मास्टर.सीएफ ही दुसरी सेटिंग फाइल उघडा. सबमिशन या ५८७ पोर्टच्या भागाखाली रेसिपियंट रिस्ट्रिक्शन्सची, म्हणजे मेल कुणाला जाऊ द्यायचा त्या नियमांची, ओळ रिकामी करून ठेवलेली असते. तिच्या पुढची हॅश खूण काढली असेल, म्हणजे ओळ चालू केली असेल, तर मेन.सीएफमधला तुमचा नियम त्या पोर्टला लागूच होत नाही. मी यात दोन रात्री घालवल्यात.

आणि सेंडर ॲक्सेस नकोच. तो पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो, आणि तो पत्ता मेल प्रोग्रॅममध्ये कुणालाही बदलता येतो. पोस्टफिक्स २.११ पासून चेक सासल ॲक्सेस आहे, तो लॉगिनचं नाव बघतो. त्याच्या तक्त्यात चौघांची लॉगिन नावं आणि प्रत्येकापुढं एका रिस्ट्रिक्शन क्लासचं, म्हणजे नियमांच्या गटाचं, नाव लिहा. त्या क्लासमध्ये आधी चेक रेसिपियंट ॲक्सेस (मेल कुणाला चाललाय ते बघणारा नियम), त्यात फक्त तुमचं डोमेन ओके, आणि शेवटी रिजेक्ट. क्लासचं नाव मेन.सीएफमधल्या एसएमटीपीडी रिस्ट्रिक्शन क्लासेसमध्ये जाहीर करायला विसरू नका.

हळद_अडत, सांगली
ओळ सापडली, अगदी तुम्ही म्हणालात तशीच रिकामी! ती काढून सासल ॲक्सेस लावला. मुलाच्या लॉगिननं जीमेलला पाठवून बघितलं, ५५४ हा नकाराचा कोड देऊन परत. ऑफिसातला बरोबर पोचला. दादा, मोठं काम झालं.

कृष्णाकाठ
आता एलियासेस, म्हणजे एका पत्त्याचा मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणारी यादी, बघा. आतला एखादा पत्ता बाहेर फॉरवर्ड होत असेल, तर त्या वाटेनं पट्टी अजूनही बाहेर जाईल.

हळद_अडत, सांगली
आहे की! हिशेबनीसांचा. आत्ताच काढतो.