एमएक्स-५ ला पुढे रुंद मडगार्ड आणि १५ बाय ९ ची चाकं: बसतील का?

फ्रँकन_मराठा
नमस्कार मंडळी. जर्मनीत न्युर्नबर्गजवळ राहतो. गाडी माझदा एमएक्स-५, एनबी (म्हणजे दुसरी पिढी), २००१ची, १.८ इंजिनवाली. एप्रिल ते ऑक्टोबरच्या सीझन नंबरप्लेटवर आहे, म्हणजे सध्या गॅरेजात झोपलीये आणि मला उद्योग सुचतायत.

पुढच्या फायबर मडगार्डांची जोडी हेरून ठेवलीये, दर बाजूला २० मिमी रुंद. त्यात १५ बाय ९ ची चाकं (इंचांत व्यास बाय रुंदी), ईटी १५ (चाक हबवर टेकतं ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते), टायर २०५/५०. मागचे मडगार्ड बॉडीलाच वेल्ड असतात, ते कापायची छाती नाही. म्हणून मागे १५ बाय ९ च, पण ईटी ३६, आणि मडगार्डाची आतली कड वळवून घेणार. पुढे घासेल का? आणि टीयूव्हीवाले (गाडी तपासून बदल मंजूर करणारे) काय म्हणतील? विक्रेता म्हणतो "बोल्ट काढा, बोल्ट लावा, झालं". मला हे जरा जास्तच सोपं वाटतंय.

जुनाट_रोडस्टर
ऑर्डर दिली नसेल तर थांब जरा. आधी हिशोब मांडू.

चाक हबवर जिथे टेकतं तिथून बाहेरची कड किती लांब? रिमची अर्धी रुंदी वजा ईटी. तुझं कंपनीचं चाक १५ बाय ६, ईटी ४० असणार. ७६ वजा ४०, म्हणजे ३६ मिमी. आता ९ इंची, ईटी १५: ११४ वजा १५, ९९ मिमी. मूळ कडेपेक्षा ६३ मिमी बाहेर! तेच ९ इंची ईटी ३६ घेतलंस तर ७८, म्हणजे ४२ मिमी बाहेर.

या दोन चाकांत फरक २१ मिमीचा, आणि तुझं मडगार्ड रुंद २० मिमीने. म्हणजे पैसे घालून, रंगकाम करून, घासण्याच्या बाबतीत तू जिथे होतास तिथेच. १५ बाय ९ ईटी ३६ या गाडीला कंपनीच्याच मडगार्डात, कड वळवून आणि पुढे दोनेक डिग्री निगेटिव्ह कॅम्बर देऊन (चाकाचा माथा आत झुकवून) बसतं. ट्रॅकवर जाणारे सर्रास तेच चालवतात.

दिसण्यासाठी करायचं असेल तर खुशाल कर, त्यात लाज कसली. पण किंमत स्टिअरिंग मोजतं. ईटी ४० वरून १५ म्हणजे टायरचा मध्य २५ मिमी बाहेर सरकला, स्क्रब रेडियस (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला टेकते तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) तेवढाच बदलला. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातात झटका देणार, ब्रेक दाबताना रस्त्याच्या चाऱ्यांमागे नाक ओढलं जाणार. बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. शिवाय टायर बाहेर गेला की स्प्रिंगवरची तरफ लांबते, म्हणजे पुढची स्प्रिंग मऊ पडल्यासारखी वागते. एनबीचं स्टिअरिंग हाच त्या गाडीचा जीव आहे रे, तो तू फोटोसाठी देतोयस.

टीयूव्हीचं: मडगार्डाला टाइलगुटाख्टन (त्या भागाचा तपासणी अहवाल) असेल तर काम सोपं. नसेल तर कलम २१ ची स्वतंत्र तपासणी, आणि फायबरला मटेरियलचा कागद मागतात. कागद नसला की परीक्षक नुसता हसतो. टायरची धावणारी पट्टी चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंत झाकलेली लागते. मुख्य म्हणजे भाग विकत घेण्याआधी परीक्षकाला भेट. बरेच जण फिटिंग झाल्यावर जातात आणि मग भांडतात.

पुणेकर_पाना
तुमच्याकडे विचारायला परीक्षक तरी आहे! इथे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला, कंपनीच्या मूळ रचनेत बदल नको म्हणून. तेव्हापासून रुंद मडगार्ड म्हटलं की आमचा डेंटरच आधी आरटीओचं नाव काढतो.

शेफील्डची_मावशी
मी पहिल्या पिढीच्या गाडीला फायबरचे मडगार्ड बसवलेत, तेवढ्यापुरतं सांगते. "बोल्ट काढा, बोल्ट लावा" ही थाप आहे. बॉनेटच्या कडेचे बोल्ट दिसतात, पण दारामागचा आणि खाली सिलकडचा सापडेपर्यंत माणूस मडगार्ड ओढत बसतो. जुन्या गाडीत खालचे बोल्ट गंजून मुरलेले असतात. आदल्या रात्री तेल सोडून ठेव.

रंगाआधी एकदा कोरडं बसवून बघच. दार, बॉनेट आणि हेडलाइट जागेवर ठेवून फटी जुळव, मगच भोकं पाडायची. पाडलेली भोकं कानसने लांबट कर म्हणजे सरकवायला जागा राहते. फायबरखाली मोठे वॉशर घाल, नाहीतर बोल्ट आवळताना तडा जातो. घासताना मास्क लाव, ती पूड घशात गेली की आठवडाभर आठवण राहते. आणि तुझ्या एनबीला बाजूचा इंडिकेटर आहे ना? त्याचं भोक नव्या मडगार्डात आहे का ते विक्रेत्याला आत्ताच विचार.

फ्रँकन_मराठा
मावशी, विचारलं. भोक नाही. "तुम्हीच पाडा" म्हणाला, आणि टाइलगुटाख्टनचं नाव काढल्यावर उत्तरच नाही.

जुनाट दादा, मग चारही ईटी ३६ आणि कंपनीचेच मडगार्ड, असंच करतो. पण पुढे घासणार नाही याची खात्री चाक लावल्याशिवाय कशी करायची?

जुनाट_रोडस्टर
चाक लावूनच करायची, पण स्प्रिंगशिवाय. स्प्रिंग काढ, शॉक बंपस्टॉपसकट (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) परत लाव, चाक चढव. कंट्रोल आर्मखाली जॅक लावून चाक बंपस्टॉपपर्यंत वर ने आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. गाडी स्टँडवर पक्की हवी, नुसत्या जॅकवर नाही. या गाडीत टायर आधी लागतो तो बंपर आणि मडगार्ड जिथे जुळतात त्या पट्टीला, वरच्या कडेला नंतर. तिथे खडूने खूण कर.

कड वळवताना रंग हीटगनने गरम ठेव, घाई केलीस की पापुद्रा उडतो. नंतर आतून सीलर आणि गंजरोधक दे, विशेषतः मागे; एनबीचे मागचे आर्च तसेही गंजायला टपलेले असतात.

चाकाचं मधलं भोक ५४.१ मिमीचं आहे का बघ, मोठं असेल तर फट भरून चाक हबवर मध्यात बसवणारी रिंग घे. नट एम१२ बाय १.५, टॉर्क साधारण १०० न्यूटन मीटर, आणि ५० किलोमीटरनंतर परत एकदा आवळ. परीक्षकाकडे जाशील तेव्हा चाकांच्या मजबुतीचा कागद हातात असू दे, तो विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी मागून घे.