मदत हवी आहे: इंजिन बांधलं, पण किक उलटी येते, गाडी सुरू होत नाही

सांगलीकर_९४:
तातडीनं मदत हवी आहे. इंजिन पूर्ण खोलून काम केलं, परवा रात्री परत बसवलं. तेव्हापासून किक मारून मारून पोटरी भरून आली, गाडी काही सुरू होत नाही. करंट येतोय, पेट्रोल येतंय, प्लग नवा आहे. चार-पाच किकांनंतर एकदा फाट् करते आणि किक अशी उलटी येते की काल चपलेचा अंगठा तुटला. शनिवारी बाबा निवृत्त होतायत, त्यांना कचेरीतून याच गाडीवर घरी आणायचंय. नेमकं काय बघू?

बुलेटवाला_सातारा:
टॅपेट सेट केलेस का? माझ्या गाडीचं हेड उतरवलं होतं तेव्हा टॅपेट घट्ट राहिले होते, दोन दिवस असाच हैराण झालो. इंजिन गार असताना बघ.

लेथकाका:
आधी गाडी कोणती ते लिही. आणि 'काम केलं' म्हणजे काय काय केलं?

सांगलीकर_९४:
लिहायचं राहिलं. यामाहा आरएक्स १००, १९९५ची. कनेक्टिंग रॉड वाजत होता म्हणून किट टाकलं, क्रँक लेथवर प्रेस करून आणला. दोन्ही ऑइल सील नवे. बोअर करून ०.५० मिमी मोठा पिस्टन टाकला. टू-स्ट्रोकला टॅपेट नसतात, बुलेटवाले दादा.

निळी_टाकी:
कार्ब्युरेटरचा पायलट जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक) साफ कर. माझी आरएक्स पावसाळ्यानंतर दरवर्षी याच कारणानं बंद पडते. जेटमधून उजेड आरपार दिसला पाहिजे.

कऱ्हाडचा_मेकॅनिक:
पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे आहे ना? रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर बसवलीस ना? पिनेवर नसली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते, आणि नवा बोअर जातो.

सांगलीकर_९४:
बाण सायलेन्सरकडेच आहे, रिंगा दोनदा बघितल्या. जेट कालच साफ केला.

लेथकाका:
जेटचा नाद सोड. जेट तुंबला तर गाडी सुरू होणार नाही, पण किक उलटी येणार नाही. उलटी येते म्हणजे पिस्टन वर पोचायच्या फार आधी ठिणगी पडतेय. मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं करंट बनवणारं चाक, काढलं कशानं आणि बसवलं कसं?

सांगलीकर_९४:
ते ओढून काढायचा पुलर मिळाला नाही, शेजारच्या गॅरेजवाल्यानं ठोकून काढून दिलं. बसवताना मीच नट आवळला.

लेथकाका:
ठोकून मॅग्नेट कधीच काढू नये बाळा, क्रँकचं टोक बिघडतं. आता पुलर आण, मॅग्नेट उतरव आणि क्रँकच्या खाचेतली अर्धचंद्राची चावी बघ. मॅग्नेटला धरून ठेवतो तो क्रँकचा निमुळता भाग, चावी फक्त जागा दाखवते. त्या भागाला तेल लागलेलं असलं किंवा नट ढिला राहिला, की मॅग्नेट सरकतं आणि चावी कापली जाते. करंट तरीही येतो, फक्त चुकीच्या वेळी. नवी चावी टाक, दोन्ही भाग पेट्रोलनं पुसून कोरडे कर आणि मग नट आवळ. मॅग्नेटमागची कॉइलची स्टेटर प्लेटही जुन्या खुणेवरच आहे का ते पाहा.

आरएक्स_शौकीन_पुणे:
१९९५ची म्हणजे शेवटच्या काळातली, १९९६ला बंदच झाली. विकायची असेल तर कृपया मला आधी सांगा.

सांगलीकर_९४:
विकायची नाही. मी शाळेत याच टाकीवर बसून गेलोय.

कऱ्हाडचा_मेकॅनिक:
सुरू व्हायच्या आधी एक ऐक. इंजिनला टू-टी तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाची नळी काढली होतीस ना? नळीत हवा शिरते. पंपाचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल जाऊ दे. आणि पहिल्या टाकीला लिटरमागे ४० मिली टू-टी तेल पेट्रोलमध्येच मिसळ.

निळी_टाकी:
पंप चालू असताना मिक्स कशाला? प्लग ओला होईल, कार्बन साचेल.

कऱ्हाडचा_मेकॅनिक:
प्लग पुसता येतो. पंपात हवा राहिली तर नवा पिस्टन पाच मिनिटांत धरतो, म्हणजे जाम होतो. मी असे धरलेले पिस्टन हातानं काढलेत.

लेथकाका:
मिसळच. आणि पहिल्या दिवशी सलग पळवू नकोस, गरम झाली की पूर्ण गार होऊ दे. शनिवारचं अंतर किती आहे?

सांगलीकर_९४:
चार किलोमीटर.

(दुसऱ्या दिवशी)
काका, चावीच होती! मॅग्नेट उतरवलं तर चावीचा वरचा अर्धा भाग मॅग्नेटच्या खाचेत अडकलेला, खालचा क्रँकमध्ये, मधोमध सुरीनं कापल्यासारखी. क्रँकच्या टोकावर तेलाचा थरही होता, तो मीच लावला होता गंज चढू नये म्हणून. नवी चावी टाकली, सगळं पुसलं, पंपाची हवा काढली. तिसऱ्या किकला सुरू झाली. बाबा आतून धावत बाहेर आले. पण पांढरा धूर भरपूर येतोय, ते ठीक आहे का?

कऱ्हाडचा_मेकॅनिक:
मिक्स पेट्रोल आहे आणि सायलेन्सरमध्ये जुनं तेल आहे, थोडा वेळ येणारच. तासभर चालवूनही तसाच राहिला तर गिअरबॉक्सचं तेल मोज. कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचा सील नीट बसलेला नाही, इंजिन ते तेल आत ओढतंय.

सांगलीकर_९४:
आत्ताच मोजून खूण करून ठेवतो. उद्या संध्याकाळी लिहितो.