"काय करता आपण?" – अंत्यसंस्काराच्या लाइनमधल्यांनो, तुमचे हलकेफुलके किस्से लिहा

कुठल्याही कार्यक्रमात "काय करता आपण?" हा प्रश्न येतोच. मी शवागारात आहे म्हटलं की समोरच्याचा शेकहँडसाठी आलेला हात हळूच खिशात जातो, आणि थोड्या वेळाने तोच माणूस खुर्ची जवळ ओढून बारीक आवाजात विचारतो, "काय हो, बॉडी उठून बसते म्हणतात ते खरं का?" तर शववाहिकावाले, दाहिनीवाले, खड्डे खणणारे, मेकअप करणारे, ऑफिसातले, आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे ते, सगळ्यांनी लिहा. अट एवढीच की गेलेल्या माणसाची ओळख पटेल असं काही नको आणि हसायचं ते आपल्यावर.

मीच सुरू करतो. उठून बसत नाही. पण आवाज येतो! बॉडी कुशीवर वळवताना छातीत उरलेली हवा बाहेर पडते आणि स्वरयंत्रावरून जाताना चक्क कण्हल्यासारखं ऐकू येतं. नवीन पोरांना हे आम्ही आधीच सांगून ठेवतो, पण रात्री अडीचला एकट्याने ऐकलं की सांगितलेलं कुठलं लक्षात राहतंय. एकाने घाबरून "सॉरी सॉरी" म्हणत बॉडी होती तशी परत ठेवली होती आणि वर चादर नीट केली होती. तो अजून टिकून आहे, चांगला निघाला.

* * *

दाहिनी ऑपरेटर आहे. पिकनिकला शेकोटी पेटवायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात. अरे बाबांनो मला लाकडं पेटवता येत नाहीत, मी बटण दाबतो. आत ८०० डिग्रीच्या वर तापमान जातं आणि एका माणसाला दीड-दोन तास सहज लागतात, त्यात माझं काम म्हणजे मीटर बघणं.

आमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न "पेसमेकर आहे का?" कारण त्याची बॅटरी उष्णतेने फुटते आणि भट्टीचं नुकसान होतं, म्हणून आधी काढावाच लागतो. आता रडणाऱ्या माणसाला हे कसं विचारायचं ते शिकायला मला फार वेळ लागला. एका काकांनी उत्तर दिलं, "नाही हो, पण त्यांना चष्मा होता." काय बोलणार!

आणि खुब्याचा कृत्रिम सांधा जळत नाही, तो तसाच शाबूत निघतो. एकांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले याची वॉरंटी अजून शिल्लक आहे.

* * *

शववाहिका चालवतो. जीपीएस म्हणतं "तुम्ही तुमच्या अंतिम ठिकाणी पोहोचलात" हा जोक मला दर आठवड्याला कुणीतरी नव्याने सांगतं, कृपया इथे नको.

आमचा खरा शत्रू जिना. घर बांधताना फ्रिज कसा चढेल याचा विचार लोक करतात पण माणूस आडवा होऊन कसा उतरेल याचा कुणीच करत नाही, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, मग पट्टे आवळून उभं करून न्या नाहीतर जिन्याने वळणावळणाला "जरा डावीकडे, जरा वर, थांब थांब" करत उतरा, आणि प्रत्येक मजल्यावर एक माणूस असतोच जो हात न लावता सूचना देतो. या जिन्यांपायी माझा एक गुडघा गेला, बदलून घेतलाय.

फायदा एकच, रिकामी गाडी असली तरी मागचा हॉर्न मारत नाही. पार्किंगला तर शेजारच्या दोन्ही जागा आपोआप मोकळ्या होतात.

* * *

मी मेकअप करते, जिवंतांचाही आणि यांचाही. नवऱ्या जास्त हलतात.

आधी एक गैरसमज काढून टाकते, मेल्यावर केस-नखं वाढत नाहीत. कातडी सुकून मागे सरकते म्हणून दाढी आल्यासारखी वाटते, त्यामुळे दाढी करावीच लागते. अंग मृत्यूनंतर काही तासांत ताठायला लागतं, साधारण १२ तासांत पूर्ण ताठतं आणि मग एक-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं, म्हणजे कोट कधी चढवायचा याचंही टायमिंग असतं! अगदीच चढला नाही तर पाठीमागून कापून बसवतो, समोरून फिटिंग असं दिसतं की जिवंतपणी कधी आलं नसेल.

खरी कसोटी फोटोची. माणूस गेला नव्वदीत आणि मुलगी फोटो आणून देते पस्तिशीतला, "असेच दिसायला हवेत." मी मेकअप करते हो, चमत्कार नाही. एकदा सगळं छान झालं असं मला वाटत होतं, तेवढ्यात बायको आली, बघितलं आणि म्हणाली, "यांनी जन्मात इतका नीट भांग पाडला नाही." विस्कटून दिला. मग ती हसली आणि मग रडली, त्या क्रमाने.

* * *

ऑफिसात बसते. आमच्याकडे सवयीचे सगळे शब्द बंद. "पुन्हा या" नाही, "भेटूच" नाही, "ओळखीच्यांनाही सांगा" तर अजिबात नाही. आणि एवढं जपून बोलल्यावर आमचं नवीन सॉफ्टवेअर सगळ्यांना आपोआप मेसेज पाठवून मोकळं, "आमची सेवा पुन्हा वापरल्यास सवलत." बंद करेपर्यंत फोन वाजत होते. त्यात एका आजींनी सवलत किती ते विचारलं, स्वतःसाठी, आणि लेखी मागितली.

* * *

आमचे हे याच धंद्यात. लोक "धंदा कसा चाललाय?" विचारतात तेव्हा यांचं तोंड बघण्यासारखं होतं, बरा म्हटलं तरी वाईट आणि मंदी आहे म्हटलं तर त्याहून वाईट दिसतं. एक नातेवाईक दर समारंभात मढ्याच्या टाळूवरचं लोणी वगैरे बोलायचे, त्यांच्या घरी प्रसंग आला तेव्हा पहाटे पहिला फोन आम्हालाच. हे लगेच तिथे गेले, सगळं केलं, लोण्याचा विषय काढला नाही. मी असते तर काढला असता.

* * *

शववाहिकावाला परत. दाहिनीवाले साहेब, त्या सांध्यांचं पुढे काय करता? गुडघ्यामुळे विचारतोय.

* * *

दाहिनी ऑपरेटर: नातेवाइकांना नको असेल तर काही देशांत कंपन्या गोळा करून वितळवतात. टायटॅनियम, कोबाल्ट वगैरे महागडे धातू असतात, गाड्यांच्या, विमानांच्या पार्टसाठीही वापरले जातात.

* * *

गाडी नको. आयुष्यभर चालवली. विमानाचं बघा.