सिम्स खेळलेले कोण कोण आहेत इथे? काय बांधलं, कोणाला बुडवलं, सगळं सांगा

महालकरीण:
मागच्या मे महिन्यात भाचा सुट्टीत आला होता, बाहेर 45 चा पारा, पोट्टं दिवसभर घरात कोंडलेलं, म्हणून त्याच्या लॅपटॉपवर मी जुना सिम्स, तो घर बांधून त्यात माणसं नांदवायचा कॉम्प्युटर गेम, घेऊन टाकला. पहिला आणि दुसरा असे दोन्ही भाग 31 जानेवारी 2025 ला परत विकायला आलेत, 25 वर्षं झाली म्हणून. बिल्ड मोड, म्हणजे घर बांधायचा भाग, उघडला, तो पियानो सुरू झाला आणि मला एकदम कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास आला, खोटं नाही सांगत. तर हा धागा त्यासाठीच. तुम्ही काय बांधलं, कोणाला बुडवलं, कोणाचा संसार मोडला, लाज न बाळगता लिहा.

माझं आधी सांगते. आमच्याकडे 2001 मध्ये कॉम्प्युटर आला आणि मी ठरवलं की गेममध्ये आपला नागपूरच्या महाल भागातला वाडा बांधायचा, म्हणजे मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, मागे परसात संडास. सुरुवातीला 20,000 सिमोलियन (गेममधला पैसा) मिळतात, त्यातच प्लॉट पण घ्यायचा, माझे तर चौकाभोवतीच्या भिंतींतच संपले. शिवाय एका घरात आठच माणसं घेतो तो गेम, आमच्याकडे चौदा होती, त्यामुळे कोणते काका वगळायचे यावर घरात खरीखुरी चर्चा झाली. तुळस नव्हती म्हणून चौकात फुलझाड लावलं, ते कोणी पाणी घालेना म्हणून वाळलं. खोल्यांमध्ये एक चौकट रुंदीचा बोळ ठेवला होता, तर दोघं समोरासमोर आले की अडकायचे आणि कोणीच मागे व्हायचं नाही, नुसते हात हलवून तक्रार. हे मात्र अगदी आमच्याकडच्यासारखंच.

पण खरी मजा संडासाची. माणूस माडीवर झोपलेला, रात्री ब्लॅडरचा पट्टा लाल, बिचारा उठायचा, जिना उतरायचा, अख्खा चौक ओलांडायचा आणि परसाच्या दाराशी पोचता पोचता तिथेच डबकं. रोज! आजी मागे खुर्चीवर बसून शेंगा सोलत बघायची, तिला गेम काय असतो ते माहीत नव्हतं, पण हे बघून डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "अगं, पावसाळ्यात कंदील घेऊन जायचो आम्ही, आमचं काही वेगळं नव्हतं." मी म्हटलं आजी, आत बांधू का संडास, तर म्हणे, "माजघराला लागून? शी!" मग काय, नाहीच बांधला, रोज पुसत बसले.

तर्री_जास्त:
ताई, वाडा बांधून त्यात आठ माणसं सांभाळणं म्हणजे हिंमतच पाहिजे बे.

आम्ही मानेवाड्याकडे राहायचो, दोघं भाऊ, कॉम्प्युटर एक. पैसे कमवून खेळण्याइतका दम कोणातच नव्हता, कंट्रोल शिफ्ट सी दाबायचं, वर एक डबी यायची, त्यात रोझबड लिहायचं आणि पुढे अर्धविराम उद्गारचिन्ह अर्धविराम उद्गारचिन्ह असं लांबच लांब, प्रत्येक जोडीला हजार सिमोलियन. भाऊ की दाबून बसायचा आणि मी स्क्रीनवरचा आकडा ओरडून सांगायचो, आई आतून विचारायची काय मोजून राहिले रे पोट्टे हो?

आता रडगाणं. 2006 चा उन्हाळा, लोडशेडिंग जोरात. पहिला सिम्स स्वतःहून सेव्ह करत नाही, आपणच करावं लागतं. आम्ही सकाळपासून एक घर बांधलं, दोन मजली, वर गच्ची, खाली तरण तलाव, आणि भावाने शिफ्ट दाबून सगळ्या खोलीला एकदम वॉलपेपर लावायची युक्ती शोधून काढली होती त्या दिवशी, त्यामुळे सगळं घर निळं. दुपारी आईने कूलर दोनवर केला, व्होल्टेज पडला, यूपीएसने दोनदा पी पी केलं आणि संपलं. अंधार. दोघं काहीच बोललो नाही. मग भाऊ म्हणाला, "तू सेव्ह केलतं ना?" आणि मी म्हणालो, "मले वाटलं तू केलं." पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त आईमार्फत बोललो.

बुडवण्याचं विचारलंय म्हणून सांगतो, हो, शिकवणीच्या सरांच्या नावाचा माणूस केला होता, तलावात उतरवला आणि शिडी काढली. गेममध्ये काठावर हात टेकवून वर यायची सोयच नाही, शिडी नाही तर गेला. पण मग बागेत त्याचा दगड झाला आणि रात्री सर भूत होऊन घरभर फिरायला लागले. सोमवारी शिकवणीला जाताना पोटात गोळा आला होता खरंच.

गोकुळपेठी:
काउन बे, स्वतःच्या खोलीतली गादी उचलायची नाही आणि गेममधल्या बाईकडून भांडी घासून घ्यायची? मी दोन तास खेळलो होतो, त्यातला दीड तास एकजण न्हाणीत होता. आपल्याला नाही जमलं. चालू द्या.

शाफ्ट_कुठाय:
मी आर्किटेक्ट आहे, आता पुण्यात, मूळ धरमपेठची. सिम्सनेच मला या धंद्यात ढकललं असं मी सगळ्यांना सांगते आणि ते निम्मं खरं आहे.

हा गेम मुळात घर बांधायचाच होता. गेम बनवणाऱ्या विल राइटचं ओकलंडचं घर 1991 च्या आगीत जळलं, पुन्हा सगळा संसार उभा करताना आपल्याला नक्की कायकाय लागतं हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि त्यातली माणसं सुरुवातीला फक्त तुमच्या घराचा नकाशा बरा आहे की नाही हे तपासायला ठेवलेली होती. म्हणजे महालकरीणताई, तुमचा तो डबकं करणारा माणूस म्हणजे गेमने तुमच्या वाड्याला दिलेला शेरा समजा.

मी दुसरा भाग खेळले, 2004 चा, चार सीड्यांवर यायचा, माझी तिसरी सीडी सीताबर्डीवरून आणतानाच ओरखडलेली होती, इन्स्टॉल करताना त्या सीडीला अख्खा अर्धा तास आणि मी देवाला हात जोडून. त्यात एक चीट, म्हणजे गेममधली चोरवाट, होती, फरशीची उंची बांधून ठेवायची अट काढून टाकणारी, ती वापरून मी अर्ध्या मजल्याची घरं करायचे, दिवाणखाना दोन पायऱ्या खाली, जेवायची खोली वर. भिंती सगळ्या काचेच्या. खोलीत उजेड असला की सिम्स, म्हणजे गेममधली माणसं, खूश, म्हणून जिथे दिसेल तिथे काच.

मग कॉलेजला पहिल्या वर्षी बंगला दिला करायला. मी हौसेने पश्चिमेला काचेची भिंत आणि दिवाणखान्याच्या बरोबर वर संडास. सरांनी पेन्सिल घेतली, संडासावर गोल केला आणि विचारलं, "शाफ्ट कुठाय?" मला शाफ्ट म्हणजे पाइप खाली न्यायची उभी पोकळी हेच माहीत नव्हतं, कारण गेममध्ये कमोड कुठेही ठेवा, पाइप नाही, उतार नाही, काही नाही. दुसरा प्रश्न आणखी वाईट, "नागपुरात राहतेस ना? मग मे महिन्यात चार वाजता या काचेमागे बसून दाखव." वर्ग हसला. मी घरी जाऊन आमच्या पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी हात लावून बघितला, तव्यासारखी. वीस वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे झोपले होते आणि कधी विचार केला नव्हता.

अजूनही क्लायंटच्या नकाशात मी आधी डोळे मिटून एक माणूस रात्री उठवते, कुठून कुठे जातो बघते. ही सवय तिथलीच.

प्रतापनगरच्या काकू:
वय 61. हसू नका. मुलगी नोकरीला बंगलोरला गेली आणि तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला, त्यावर सिम्स 2 होता. मला बांधण्यात रस नाही, मी तयार घर घेते आणि माणसं बघते, मालिका बघण्यापेक्षा बरं, निदान आपल्या हातात असतं. चीट मी करत नाही, बिलं वेळेवर भरते.

प्लेझंटव्ह्यू या गेममधल्या गावातलं ते गॉथ कुटुंब, त्यातली बेला पहिल्या भागात घरची सून बाई, दुसऱ्यात एकदम गायब, नवरा मॉर्टिमर म्हातारा, आणि मुलगी कॅसँड्रा त्या डॉन नावाच्या माणसाच्या नादी. मी मुलीला फोन करून सांगायचे आज त्या कॅसँड्राचं लग्न मोडलं, ती ऑफिसात, तिला वाटायचं शेजारच्यांचं बोलतेय.

आणि त्यात माणसं म्हातारी होऊन जातात, हे पहिल्या भागात नव्हतं म्हणे. माझी एक आजी होती, सगळ्या इच्छा पुऱ्या झालेली. ती गेली तेव्हा तो काळा झगेवाला यमराज आला, तर बरोबर हवाईच्या नाचणाऱ्या पोरी, हातात पेय, आणि आजीला बॅग दिली! जशी काही सहलीला निघाली. मी रडायचं की हसायचं. ह्यांना हाक मारून दाखवलं तर हे म्हणाले, असं बुकिंग होत असेल तर आपलंही करून ठेव.

दागदाग:
आमच्या गल्लीत सगळी पोट्टी निरोप घेताना "दाग दाग" म्हणायची, सिमलिश म्हणजे गेममधल्या माणसांच्या भाषेतलं, बाकीच्यांना वाटायचं शर्टावर काही सांडलंय.

माझा अनुभव छोटा आहे. पहिल्या भागाचं लिव्हिन लार्ज नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे वरून टाकायची भर, होतं, त्यात भिंतीवर लावायचं एक विदूषकाचं चित्र. घरात कोणी दुःखी असलं की तो चित्रातला विदूषक घरात येऊन रडत विनोद करायचा, त्याने माणसं जास्तच दुःखी. वर मी गिनीपिग पाळला, पिंजरा साफ केला नाही, तो चावला, तापाने एकेक करून सगळे गेले. मी वैतागून ओरडलो, "हा विदूषक, हा उंदीर, सगळं घेऊन जा गे मारबत!" तान्हा पोळा जवळच होता, रोगराई घेऊन जा म्हणत मारबत काढतात तो, त्यामुळे बाबांना काही वावगं वाटलं नाही, त्यांनी आतून साथ दिली.

महालकरीण:
काकू, तुम्ही वेगळा धागा काढाच.

@शाफ्ट_कुठाय, तुझं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमचा वाडा आता नाही, तिथे स्कीम झाली, सहा मजली, प्रत्येक फ्लॅटला दोन दोन अटॅच. आजी पण नाही. त्या मे महिन्यात मी तोच वाडा परत बांधला, या वेळी पैशांचा चीट मारून, चौकट मोजून, बोळ दोन चौकटींचा केला, फुलझाडाला माळी ठेवला. संडास परसातच. भाचा म्हणाला, "मावशी, आत घे ना, इतके पैसे आहेत." नाही म्हटलं. मग रात्र झाली, माडीवरचा माणूस उठला, आणि आम्ही दोघं आंबे खायचे थांबून बघत बसलो, पोचतोय का.