शब्दचर्चा: बी-मूव्हीला मराठीत काय म्हणाल?

रात्रपाळी:
मंडळी, एक शब्द अडलाय. गेले दोन-तीन महिने रात्रीची जेवणं आटपली की माझा एकच उद्योग चालू आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, म्हणजे साधारण १९४० ते ४५ मधले, अमेरिकन गुन्हेगारीवरचे छोटे सिनेमे बघायचे. तास-सव्वा तासाचा ऐवज, ब्लॅक अँड व्हाइट, डोक्यावर हॅट, तोंडात सिगरेट, बाहेर कायम रात्र. परवा बायकोने विचारलं की रोज हे काय लावून बसतोस, मी सहज बोलून गेलो की बी-मूव्ही आहे, आणि शेजारी सासूबाई मटार सोलत बसलेल्या. त्यांचा हात थांबला. मी घाईघाईने म्हटलं, अहो आई तसलं काही नाही, शेरलॉक होम्स आहे, पण त्या परात उचलून आत गेल्या त्या गेल्याच.

तर आपल्याकडे बी-ग्रेड म्हटलं की जे पोस्टर डोळ्यांसमोर येतं त्याचा आणि या सिनेमांचा काडीचा संबंध नाही. तिकडे तेव्हा एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, एक मोठा, नट-नट्यांच्या नावावर चालणारा आणि त्याच्या जोडीला एक छोटा. तो जोडीचा म्हणजे बी. म्हणजे बी ही प्रत नव्हे, नंबर आहे. याला मराठीत सरळ शब्द आहे का? घरात तोंड दाखवायची सोय करा राव कुणीतरी.

चहाटळ:
गल्लाभरू. तद्दन गल्लाभरू. आणखी जोर पाहिजे असेल तर टुकार. पुढचा प्रश्न?

रात्रपाळी:
चहाटळराव, टुकार म्हणा एकवेळ, पण गल्लाभरू नाही चालणार, आणि हे मी बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाहीये. मोठ्या सिनेमाला तिकीटविक्रीतला टक्का मिळायचा, पण बी सिनेमा थिएटरला ठरलेल्या भाड्याने जायचा. हाउसफुल्ल झालं तरी तेवढेच पैसे आणि थेटरात चार टाळकी बसली तरी तेवढेच. म्हणजे गल्ला भरो न भरो बनवणाऱ्याला काही फरक पडत नाही, त्याचा फायदा फक्त खर्च किती कमी केला त्यावर. गल्लाभरू असायला आधी गल्ल्यावर हक्क पाहिजे ना.

चहाटळ:
हे पटलं. शब्द मागे.

शब्दवेडी:
'दुय्यम' का नको? फारसीतून आलेला शब्द, अर्थ नुसता दुसरा. आपल्या मनात तो उगीच खालच्या पायरीवर जाऊन बसलाय. घराची नोंदणी करायला आपण दुय्यम निबंधकाकडे जातो, तिथे त्याला कमी प्रतीचा निबंधक असं कुणी म्हणून दाखवावं, कागद परत येईल. दुय्यम चित्रपट म्हणजे खेळातला दुसरा चित्रपट, बरोबर बसतंय.

दादरकर:
शब्दवेडीताई, अंशतः सहमत, पण शब्द इतकाही निष्पाप नाही हो. जुन्या महसुली कागदांत जमिनीची प्रतवारी अव्वल, दूम, सीम अशीच आहे, आणि तिथे दूम म्हणजे नुसती मोजताना दुसरी आलेली जमीन नव्हे, पीक कमी देणारी जमीन. म्हणजे नंबर आणि प्रत यांची गल्लत आपल्याकडे फार जुनी, ती काही बी-ग्रेडपासून सुरू झाली नाही.

शब्दवेडी:
हो, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. पण मग असं बघा, खरी कुरापत 'दर्जा' हा शब्द काढतो. 'दुय्यम भूमिका' म्हटलं की राग येत नाही, 'दुय्यम दर्जाची भूमिका' म्हटलं की येतो. तेव्हा दर्जा आणि ग्रेड दोन्ही टाळायचं, दुय्यम ठेवायचं.

न्यूजर्सीवाला:
माझं मत 'पुरवणी चित्रपट'ला. पेपरचा मुख्य अंक आणि आत घातलेली पुरवणी, आणि रविवारी घरात आधी भांडण कशावरून व्हायचं ते आठवा. मुख्य अंक बाबांकडे, पुरवणी ज्याच्या हाताला लागेल त्याची. या सिनेमांचं तसंच झालंय, त्या वेळचे कित्येक मोठे सिनेमे आज पंधरा मिनिटं बघवत नाहीत आणि त्यांच्या मागे लावलेले हे पुरवणीवाले अजून बघितले जातायत.

चहाटळ:
पुरवणी म्हटलं की मला पेपर संपत आल्यावर सुपरवायझरकडे मागितलेला कागद आठवतो आणि घाम फुटतो. बाकी तो शेरलॉक होम्स दुय्यम कसा काय? तो तर अव्वल माणूस.

रात्रपाळी:
तीच तर गंमत आहे. बॅझिल रॅथबोनला घेऊन युनिव्हर्सलने १९४२ ते ४६ मध्ये बारा होम्सपट काढले, बहुतेक सगळे सत्तर मिनिटांच्या आगेमागे, आणि त्यातल्या सुरुवातीच्या तीनांत होम्स चक्क नाझी हेरांच्या मागे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला माणूस उचलून बॉम्ब पडणाऱ्या लंडनमध्ये नेऊन ठेवला, बग्गी गेली मोटार आली, आणि कुणाला काही वाटलं नाही. मी बघत होतो त्याचं नाव 'शेरलॉक होम्स अँड द सिक्रेट वेपन'. एका स्विस शास्त्रज्ञाने विमानातून अचूक बॉम्ब टाकायचं यंत्र शोधलंय आणि होम्सचा जुना वैरी मोरियार्टी ते जर्मनांना विकायला निघालाय. शेवटी होम्स मोरियार्टीच्या टेबलावर बांधलेला. आता वेळ काढायचाय, पोलीस यायचेत, तर होम्स मोरियार्टीच्याच अहंकाराला डिवचून स्वतःच्याच मरणाची पद्धत सुचवतो, की गोळी काय कुणीही घालेल, मी असतो तर रक्त थेंबथेंब काढलं असतं. मोरियार्टी खूश. मग एक सुई, एक नळी, एक बाटली आणि दोन माणसं गप्पा मारतायत. एवढंच. ना सेट ना गर्दी, आणि मी हातातली सुपारी तोंडात टाकायची विसरलो.

दादरकर:
याला आमची आजी 'कोंड्याचा मांडा' म्हणायची. घरात जे आहे त्यात निभवायचं आणि वर पाहुण्याला वाटलं पाहिजे की खास केलंय. आता खरं तर शब्द सिनेमाला शोधायचाय की त्यातल्या मजेला हेच कळेना, पण मजेला हा बसतो.

रात्रपाळी:
दादरकर, दंडवत घ्या. हाच. कारण युद्धात तर कोंडासुद्धा मोजून मिळत होता. सरकारने १९४२ मध्ये नियमच केला की एका सिनेमाच्या सेटसाठी नवीन सामान पाच हजार डॉलरच्या वर वापरायचं नाही, लाकूड खिळे सगळं युद्धाला पाहिजे. कच्च्या फिल्मवर रेशन. मोठ्या स्टुडिओंची पंचाईत झाली, पण मोनोग्राम, रिपब्लिक, पीआरसी असल्या गरीब कंपन्यांना सवयच होती, यांना हॉलिवूडमध्ये 'पॉव्हर्टी रो' म्हणायचे, म्हणजे आपली दळिद्री आळी. भिंत रंगवायला पैसे नाहीत तर उजेड कमी करा, रस्ता उभारता येत नाही तर धूर सोडा आणि धुकं म्हणा.

'डिटूर' बघा एकदा, पीआरसीचा, दिग्दर्शक एडगर उल्मर, पडद्यावर आला १९४५च्या नोव्हेंबरात पण शूटिंग झालं तेव्हा जपानशी युद्ध चालूच होतं. त्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर नायक-नायिका चालतात तो प्रसंग म्हणजे अक्षरशः धुकं, एक दिव्याचा खांब आणि रस्त्याच्या नावाच्या पाट्या. पुढे नायक लिफ्ट मागत न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघतो तर काही ठिकाणी फिल्म चक्क उलटी लावलीय, कारण नकाशात पश्चिम डावीकडे ना, मग गाड्या पण डावीकडे जाताना दिसायला नकोत का. फिल्म उलटली तसं ड्रायव्हरचं सीट उजवीकडे आलं आणि गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावायला लागल्या. अमेरिकन माणसाला ते लगेच खटकतं म्हणे. मला दोनदा बघून काहीच वाटलं नाही कारण आपल्याकडे गाड्या तशाच धावतात!! त्याबद्दल वाचून मग तिसऱ्यांदा बघितला तेव्हा दिसलं. आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय जतन यादीत हाच सिनेमा जाऊन बसला, ज्याच्या जोडीला तो लावला असेल त्यातले किती बसले बघा.

न्यूजर्सीवाला:
अवांतर: इकडे या सिनेमांना सर्रास 'न्वार' म्हणतात, फ्रेंचमध्ये काळा, आमच्या मंडळात एकाने त्याचं 'कृष्णपट' केलं होतं. मला वाटलं गोकुळ, यमुना, माखनचोरी. जाऊन बसलो तर मुडदे. न्वार शब्द बनवणाऱ्यांचा नव्हेच, युद्ध संपल्यावर अमेरिकेचे साठलेले सिनेमे फ्रान्समध्ये एकदम आले आणि १९४६ मध्ये तिथल्या निनो फ्रँक नावाच्या समीक्षकाने तो त्यांना लावला. पीआरसीतल्या माणसाला कुणी म्हटलं असतं की तुम्ही न्वार बनवताय तर त्याने विचारलं असतं त्याला जादा खर्च येतो का.

चहाटळ:
मग रहस्यपट म्हणा ना, सगळे समजतात.

शब्दवेडी:
रहस्यपटात शेवटपर्यंत काहीतरी लपवलेलं पाहिजे. यातल्या कितीतरी सिनेमांत खुनी कोण ते पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. 'द व्हिसलर' नावाच्या मालिकेत तर शीळ घालणारी एक सावलीच आपल्याला सगळं सांगत असते, प्रश्न फक्त हा की तो कसा अडकतो. त्याला गुन्हेगारीपटच म्हणायला हवं.

दादरकर:
आणि काही नुसते 'चोर सोडून संन्याशाला सुळी' प्रकारचे असतात. कोलंबिया स्टुडिओचा बॉस्टन ब्लॅकी, १९४१ ते ४९ मध्ये चौदा सिनेमे, नट चेस्टर मॉरिस. तो पूर्वी दागिने चोरायचा आता सुधारलाय, पण कुठेही काही झालं की इन्स्पेक्टर फॅरेडे आधी याच्याच दारात. मग याने पळत पळत खरा चोर शोधून द्यायचा. चौदाही वेळा!! अर्नाळकरांचे काळापहाड-झुंजार वाचून वाढलेल्या माणसाला हा घरचाच वाटतो. फाल्कन नावाच्या डिटेक्टिव्हच्या मालिकेत तर नट जॉर्ज सँडर्सला कंटाळा आला तेव्हा १९४२ मध्ये त्याचं पात्र मारलं आणि पुढची गादी पात्राच्या भावाने चालवली, आणि तो भाऊ कोण तर सँडर्सचा खराखुरा सख्खा भाऊ टॉम कॉन्वे.

रात्रपाळी:
दुसरा शब्द विचारायचा राहिला. या सिनेमांत दर दहा मिनिटांनी 'फिफ्थ कॉलम' येतं. शब्दकोशात 'पंचमस्तंभी' आहे. पण स्तंभ का? कसला खांब?

शब्दवेडी:
खांब नाहीच तो, तिथेच सगळा घोटाळा आहे. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीत जनरल मोलाच्या सैन्याचे चार कॉलम माद्रिदवर चालून जात होते आणि शहराच्या आत बसलेले समर्थक हा आमचा पाचवा कॉलम, असं त्याच्या नावावर आहे. सैन्यातला कॉलम म्हणजे एकामागे एक चालणाऱ्या शिपायांची रांग, तुकडी. भाषांतर करणाऱ्याने कॉलमला सरळ स्तंभ केलं आणि चालतं सैन्य जागेवर उभं राहिलं. पाचवी फळी म्हटलं असतं तर काम झालं असतं. त्यात आपण वर्तमानपत्रांना लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणतो आणि त्यात लिहिणाऱ्याला स्तंभलेखक, मग नवीन वाचणाऱ्याला वाटतं की चौथ्यानंतरचा हा पाचवा.

चहाटळ:
मी कालपर्यंत हेच समजत होतो. खोटं कशाला बोलू.

दादरकर:
पण आपले जुने शब्द काय कमी आहेत, घरभेदी आहे, फितूर आहे, आणि सिनेमात शेजारचा सज्जन दुकानदार हेर निघतो तेव्हा तर 'अस्तनीतला निखारा'सारखा शब्द नाही.

शब्दवेडी:
निखारा छान, पण एकट्यादुकट्याला. बाहेरच्या शत्रूने आत पेरलेली सबंध टोळी म्हणायची तर पंचमस्तंभीच राहू द्या, चुकीचा असला तरी रुळलाय.

आणि एक, मजा मजा म्हणताना माझा घास काही ठिकाणी अडकतो. यातला प्रत्येक जपानी माणूस हेर असतो. त्याच वेळी एक लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक, छावण्यांत कोंडलेले होते. आणि चिनी डिटेक्टिव्ह चार्ली चॅन करतोय कोण तर गोरा सिडनी टोलर. बघते मी पण, नाही असं नाही, पण त्या वेळी पुढे ढकलते.

रात्रपाळी:
मान्य. मी पण तिथे पाणी प्यायला उठतो.

न्यूजर्सीवाला:
मला त्यातले अगदी रेशनिंगवाले आवडतात. जपानने १९४२च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि अमेरिकेचं नव्वद टक्के रबर बंद झालं, टायर तर त्याच जानेवारीपासून रेशनवर. त्याच वर्षी मोनोग्रामने 'रबर रॅकेटियर्स' काढला, म्हणजे भेसळीचे टायर काळ्या बाजारात विकणाऱ्या गुंडांची गोष्ट. पेपरात सकाळी बातमी आणि थिएटरात काही महिन्यांत सिनेमा. मोठ्या सिनेमाला ही चपळाई कुठून यायची. मराठीत मात्र नाव घेऊ नका, रबराचं रॅकेट म्हटलं की खोडरबर आणि बॅडमिंटन.

दादरकर:
आपल्याकडच्या त्या पिढीला तो सिनेमा आपलाच वाटला असता. मुंबईत रेशन १९४३ला आलं, ब्लॅकआउटचे काळे कागद काचांना आधीच लागलेले. काळाबाजार हा शब्द घराघरांत पोचला तो त्याच दिवसांत, माझी आजी साखर म्हटली की लगेच काळाबाजार म्हणायची, शेवटपर्यंत.

रात्रपाळी:
अपडेट देतो. काल सासूबाईंना म्हटलं, आई, हा पुरवणीतला सिनेमा आहे, मोठ्या सिनेमाबरोबर फुकट मिळायचा. फुकट म्हटल्यावर बसल्या. तोच होम्सचा लावला. रक्ताच्या बाटलीपाशी म्हणाल्या, मेला नुसता बोलतोय काय, सुई काढ म्हणावं. मध्यंतर कधी म्हणून विचारत होत्या तोवर संपलाच. अडुसष्ट मिनिटं. म्हणाल्या, एवढ्यात झाला? मग दुसरा लाव.

दुसरा बॉस्टन ब्लॅकीचा लावला आणि माझा नवीन शब्द अडला. चोरीचा माल गुपचूप विकत घेणारा जो दुकानदार असतो त्याला तिकडे 'फेन्स' म्हणतात. आपण 'माल पचवणारा' म्हणतो, पण एका शब्दात काय म्हणाल? सासूबाईंनी एक सुचवलाय, तो इथे लिहिता येत नाही.