स्टार-क्लबची टेप जाळायला हवी होती म्हणे!

जुना_स्पूल:
परवा इथे एका सभासदाने लिहिलं की बीटल्सनी हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबात वाजवलं त्याची टेप म्हणजे निव्वळ गोंगाट, खुद्द बँडलाच ती नको होती, तेव्हा १९९८ साली तिच्या विक्रीविरुद्ध कोर्टात जिंकल्यावर त्यांनी ती जाळूनच टाकायला हवी होती. त्यावर माना डोलावणारेही बरेच निघाले. मला हे सोडून देता येत नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गोंगाट आहे, हे कोण नाकारतंय? घरगुती ग्रुंडिग टेपरेकॉर्डर, स्टेजसमोर एकच माइक, टेपचा वेग सेकंदाला पावणेचार इंच. स्वच्छ आवाज येणार कुठून? पण कधीची टेप आहे ते बघा. डिसेंबर १९६२ ची अखेर. 'लव्ह मी डू' येऊन तीन महिनेही झालेले नाहीत. ड्रमर रिंगो बँडमध्ये येऊन चार महिने. हॅम्बुर्गची ही पाचवी खेप, आणि इंग्लंडात दार उघडत असताना परत त्या क्लबात येणं सगळ्यांच्या जिवावर आलेलं. पुढच्याच वर्षी प्रेक्षकांच्या किंकाळ्या सुरू झाल्या आणि बँडलाही स्वतःचं वाजवणं ऐकू येईना. इथे मात्र समोर बसलेले लोक पीतायत, गप्पा मारतायत आणि हे चौघे त्यांच्यावर मात करून वाजवतायत. त्यांचं स्वतःचं 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' स्टुडिओत झालं ११ फेब्रुवारी १९६३ ला. त्याच्या सहा आठवडे आधीचं ते इथे आहे. दुसऱ्यांची गाणी मागे टाकून स्वतःची पुढे आणणारा बँड नेमका या उंबरठ्यावर पकडला गेलाय, कारण टेपांवर स्वतः रचलेली गाणी दोनच आहेत. हे जाळायचं?

मेधा_प:
तुम्ही आवाजाचं आणि इतिहासाचं बोलताय. परवानगीचं कोण बोलणार? टेप केली क्लबच्या स्टेज मॅनेजरने, टेड टेलर या दुसऱ्या बँडच्या गायकासाठी. टेलरचं म्हणणं, बीटल्सपैकी लेननने बिअरच्या बदल्यात तोंडी होकार दिला. बँडमधलाच हॅरिसन १९९८ मध्ये स्वतः साक्षीला उभा राहिला आणि त्याने हे साफ फेटाळलं. लेनन तर १९८० सालीच गेला, तो काय सांगणार? मेलेल्या माणसाच्या तोंडी होकार घालून धंदा केलाय हा.

आणि १९७७ ला डबल एलपी काढताना टेप १९६२ च्या वसंतातली, म्हणजे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी जूनमध्ये झालेल्या कराराआधीची, असं सांगितलं गेलं. ड्रमवर रिंगो बसलाय, जो ऑगस्टमध्ये आला! बोलण्यात ख्रिसमसचा उल्लेख येतो! ज्या मालाची तारीखसुद्धा खोटी सांगावी लागते, त्याची बाजू घ्यायला जीभ कशी रेटते?

जुना_स्पूल:
तारखेचं मान्य. एलपी काढणाऱ्यांनी लबाडी केली, आणि त्यांना विकायला बंदी झाली तेही योग्यच झालं. पण विकायला बंदी करणं आणि जाळणं यात फरक आहे की नाही?

हॅम्बुर्गकर:
मी इथेच राहतो, आल्टोनात. घरी पाहुणे आले की ग्रोसे फ्रायहाइट ३९ ला, स्टार-क्लबच्या जुन्या पत्त्यावर, फेरी ठरलेली. क्लब कधीच गेला, मागच्या अंगणात एक काळा दगड आहे, त्यावर तिथे वाजवून गेलेल्यांची नावं कोरलीत. पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, "एवढीशी जागा?"

सगळे जण याला 'कॉन्सर्ट' म्हणतायत, ते मला खटकतं. ती कामाची पाळी होती हो. १९६० ला बीटल्स इथल्या इंद्रा क्लबात आले तेव्हा रोज साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचा करार होता. स्टार-क्लबलाही लोक प्यायला यायचे. या टेपवर दोन गाणी तर क्लबमधले फाशर बंधू गातात. सहकाऱ्यांत चाललेला रात्रीचा दंगा आहे तो. कामावरच्या कुणाचं असं खाजगी बोलणं टेप करून पंधरा वर्षांनी दुकानात मांडलं तर तुम्हाला चालेल? मी मेधाताईंच्या बाजूने.

रंगभवनवाला:
मला तर असंच रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे पाय धरावेसे वाटतात. मी मुंबईत रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर आय-रॉक या रॉक महोत्सवाच्या वेळी शर्टाच्या आत रेकॉर्डर लपवून न्यायचो. त्यातल्या कितीतरी बँडनी एकही कॅसेट काढली नाही. पोरं नोकरीला लागली, परदेशी गेली, गिटार माळ्यावर. आज ते बँड कुठे असतील तर माझ्या टीडीके कॅसेटींवर. मधे मधे शेजारच्याचं खोकणं आहे, चणेवाला आहे, पण आहेत! त्यातल्या एका ड्रमरच्या मुलीने मागितली म्हणून मी कॉपी पाठवली. बापाला वाजवताना तिने पहिल्यांदा ऐकलं. सांगा तिला परवानगीचं.

आणि रंगभवन बंद पाडलं ते वेगळंच. रुग्णालयं जवळ आहेत म्हणे. मग नवं मैदान द्यायचं होतं ना शहरात? त्यावर कोणी धागा काढत नाही.

मिक्सर_ऑन:
एवढा वाद कशाला? २०२३ ला लेननच्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून सोडवून अख्खं नवं गाणं काढलं. तेच तंत्र इथे लावा, गोंगाट गायब.

जुना_स्पूल:
त्या कॅसेटवर एक गळा आणि एक पियानो होता. इथे चौघे, त्यांचे अँप्लिफायर आणि अख्खा क्लब एका माइकमध्ये कोंबलाय. वरचे स्वर पावणेचार इंचाच्या वेगाने मुळात धरलेच नाहीत. यंत्र ते शोधून काढत नाही, अंदाजाने भरतं. मग ती १९६२ ची टेप राहत नाही.

तानपुरा:
हॅम्बुर्ग लांब राहिलं, आपल्याकडे काय चाललंय ते बोला. गायिका केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत किती सावध होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये, म्हणजे ही एलपी आली त्याच वर्षी, त्यांची भैरवी व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी! तासभर राग मांडणाऱ्या बाईंचं आपल्या हाताशी एवढंच असावं?

आणि खाजगी मैफलींच्या टेप्स आहेत, पण त्या ज्यांच्याकडे आहेत ते नागोबासारखे बसलेत. पुण्यातल्या एका संग्राहकाकडे मी तीनदा गेलो. चहा दिला, कपाट उघडून स्पूल दाखवले, खोक्यांवर रागांची नावं त्यांच्याच अक्षरात. ऐकवाल का म्हटलं तर, "तुमच्याकडे बदल्यात काय आहे?" ज्या गायकाची मैफल, त्याच्या नातवालाही हेच उत्तर! बीटल्सची टेप निदान बाजारात तरी आली.

मेधा_प:
तानपुरासाहेब, तुम्हाला नातवाचा कळवळा आहे, मग माझ्या आत्याचं ऐका. ती बैठकीत गायची, फार मोठं नाव नव्हतं. अंगात ताप असताना एका घरी शब्दाखातर गायला बसली. तार षड्ज, वरचा सा, लागेना, दोनदा थांबली. ते कोणीतरी टेप केलं होतं. ती गेल्यावर ते नेटवर आलं, खाली शेरे: 'बेसूर', 'हिला कोणी शिकवलं'. तिची चांगली मैफल कोणी टेप केलीच नाही. आता नाव शोधलं की तेवढंच सापडतं. कलाकाराने 'हे माझं नव्हे' म्हटलं तर ते नव्हे. विषय संपला.

तानपुरा:
वाईट झालं, मनापासून सांगतो. पण म्हणून सगळ्यांनीच कपाटं बंद ठेवायची? रसिकांना ताप कळतो.

मेधा_प:
शेऱ्यांत कळलेला दिसला नाही.

रंगभवनवाला:
ताई, राग समजतो, पण दोष टेप करणाऱ्याचा नाही, नेटवर टाकणाऱ्याचा आहे.

मेधा_प:
टेप करताना तरी तिला कुठे विचारलं होतं? तुम्ही रेकॉर्डर शर्टाच्या आत का लपवायचात? विचारलं तर नाही म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच ना?

रंगभवनवाला:
दारावरचा वॉचमन काढून घ्यायचा म्हणून! बँडवाले स्वतःच कॉपी मागायचे. उगाच चोर ठरवू नका.

हॅम्बुर्गकर:
आवाज खाली घ्या दोघांनीही. इंग्लंडातल्या स्टो शाळेत बीटल्स वाजवून गेले, ती टेप आठवा. ४ एप्रिल १९६३, पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने अख्खा कार्यक्रम टेप केला आणि ती टेप उजेडात आली २०२३ मध्ये. साठ वर्षं विकली नाही, बोभाटाही केला नाही. असं ठेवलं असेल तर माझी हरकत नाही.

जुना_स्पूल:
म्हणजे जाळण्याच्या बाजूने तुम्हीही नाही. हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

तानपुरासाहेब, त्या कपाटाचं मात्र मनावर घ्या. साठच्या दशकातले स्पूल असतील तर रीळ उजेडासमोर धरून बघायला सांगा. आरपार उजेड दिसला तर ॲसिटेट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची टेप. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर टेप सडायला लागलीय आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधेल. ॲसिटेट मंद आचेवर तापवायचा उपाय कोणी सुचवला तर अजिबात ऐकू नका, तो नंतरच्या पॉलिएस्टर टेपांसाठी आहे. माझ्याकडे चालू मशिन आहे, मी येऊन उतरवून देतो. कॉपी मला नको.

तानपुरा:
ते उतरवू देणार नाहीत. "मशिनवाला एक प्रत ठेवून घेतो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे.

मेधा_प:
त्या नातवाला बरोबर न्या. त्याच्या हातात पहिली प्रत पडणार असेल, आणि पुढे काय करायचं ते त्यानेच ठरवायचं असेल, तर मीही दोन शब्द टाकीन. त्या संग्राहकांकडे आत्याचं जाणं-येणं होतं. नेटवर जाणार असेल तर नाही.