चवळीवर पिवळ्या-काळ्या माश्या घिरट्या घालतायत, फवारू का?

परसबाग कोरेगाव: नमस्कार मंडळी. घरामागं दोन वाफे चवळी लावलीय, शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे ती रस शोषणारी बारीक कीड, नुसता दाटलाय. चार दिवस झाले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या येतायत, हवेत एका जागी थांबतात आणि झटकन बाजूला सरकतात. शेजारच्या काकी म्हणतात फळमाशी आहे, फवारून टाक. पानावर एक हिरवट अळी पण दिसली. पोरं तिथंच खेळतात, चावणार नाही ना?

वाळव्याचा ऊसवाला: ताई, फवारू नका! ही सिरफिड माशी, आपली मित्रकीटक. हिला पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन असतात. नांगी नाहीच, गांधीलमाशीसारखे पट्टे फक्त पाखरांनी खाऊ नये म्हणून. फळमाशी दोडका-काकडीवर बसून फळात अंडी घालते, ही माव्याजवळ घालते. आता ती अळी नीट बघा, पाय नसतील आणि तोंडाकडं निमुळती असेल तर हिचंच पिल्लू. मी भिंगातून बघत बसलोय, तोंडाकडचा भाग चाचपडत फिरवते, मावा लागला की वर उचलून धरते आणि रस ओढून घेते, मागं सुरकुतलेलं टरफल तेवढं राहतं. कोषात जाईपर्यंत एक अळी चारशेपर्यंत मावा फस्त करू शकते. 2002 ला आमच्या सांगलीकडं उसावर लोकरी मावा आला होता, उंच उसात फवारा पोचायचाच नाही. तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक मोठे गडी, पण सिरफिडच्या अळ्या पण होत्याच सोबत.

जतची करडई: माझा अनुभव सांगतो. मागच्या साली घाई करून जालीम औषध मारलं, मावा पंधरा दिवसांत परत हजर पण माश्या काय फिरकल्या नाहीत, लई वाईट वाटलं. यंदा बांधाला कोथिंबीर आणि शेपू फुलायला सोडलीय. पूर्ण वाढलेल्या माशीला मध आणि पराग लागतो, तोंड आखूड असतं त्यामुळं असली बारीक उघडी फुलंच तिला सोयीची.

परसबाग कोरेगाव: आत्ता बघून आले. खरंच पाय नाहीत, पाठीवर पांढरी रेघ आहे! पोरं पण भिंग घेऊन बसलीत. पण मुंग्यांचं काय करू?

वाळव्याचा ऊसवाला: मुंग्या माव्याचा गोड चिकटा खायला येतात आणि अळ्यांना हुसकावतात. ज्या शेंड्यावर अळी नाही तिथं साध्या पाण्याचा झोत मारा, मावा गळून पडला की मुंग्या पण कमी होतात. अळीवाले शेंडे तसेच राहू द्या.